चाकाचे पेटंट आणि कणगीतले बियाणे

भाताची झोडणी उरकली होती. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर संध्याकाळी ओट्यावर चार माणसे टेकली होती. शहरात शिकायला असलेला नातू सुटीला घरी आला होता. अंगणाच्या ज्या कोपऱ्यात मोबाईलला रेंज मिळते तिथे उभा राहून तो एक जुनी गमतीची बातमी मोठ्याने वाचून दाखवू लागला. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरातल्या एका वकिलाने २००१ साली चक्क चाकाचे पेटंट मिळवले. अर्जात त्याने चाकाला चाक म्हटले नाही. ‘वाहतूक सुलभ करणारे वर्तुळाकार साधन’ असे भारदस्त नाव दिले, आणि तिथल्या सरकारी कचेरीने त्याला रीतसर कागद देऊन टाकला.

आजी सुपात नागली पाखडत होती. ती म्हणाली, “म्हणजे चाक त्याने केले? मग आमचा बा गाडी कशावर हाकीत होता?”

सगळे पोट धरून हसले. हसणे थांबल्यावर आजीने सूप खाली ठेवले आणि दुसरा प्रश्न विचारला. “त्याला चाकाचा कागद मिळाला. मग माझ्या या नागलीचा कागद कुणाकडे आहे?”

या प्रश्नावर मात्र कोणी हसले नाही, आणि कोणाला उत्तरही देता आले नाही. वाचकहो, ते उत्तर शोधावे म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे. पण आधी थोडे हसून घेऊ, कारण पेटंटांच्या दुनियेत हसण्यासारखे पुष्कळ आहे.

हसण्यासारखे कागद

चाकवाल्या वकिलाला काही जगभरच्या गाड्यांकडून पैसे वसूल करायचे नव्हते. ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी एक नवी, झटपट पेटंट देणारी पद्धत सुरू झाली होती. अर्ज आला की नीट न तपासताच कागद मिळे. ही पद्धत किती पोकळ आहे हे दाखवण्यासाठी त्याने मुद्दाम चाकाचा अर्ज केला होता. त्याचा कागद पुढे रद्द झाला. ती पद्धतही २०२१ साली नव्या अर्जांसाठी बंद करण्यात आली.

अमेरिकेतले नमुने तर याहून मजेदार आहेत. १९९५ साली तिथे दोघांनी मांजराला व्यायाम देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पद्धत काय, तर लेसरच्या बॅटरीने जमिनीवर प्रकाशाचा ठिपका पाडायचा, तो इकडेतिकडे हलवायचा आणि मांजराला त्याच्या मागे धावू द्यायचे. आरशाचा कवडसा पाडून मांजराला नाचवले नाही असे पोर आपल्याकडे शोधून सापडणार नाही.

२००२ साली तिथे एका लहान मुलाच्या नावाने झोका घेण्याच्या पद्धतीचे पेटंट निघाले. अर्ज केला तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. झोका पुढे-मागे न घेता दोन्ही बाजूंच्या दोऱ्या आळीपाळीने ओढून आडवा घ्यायचा, एवढाच काय तो शोध! मुलाचे वडील पेटंटचे वकील होते. हे काम कसे चालते ते मुलाला कळावे म्हणून त्यांनी अर्ज केला होता. पुढे फेरतपासणी झाली आणि तोही कागद रद्द झाला. आपल्याकडे नागपंचमीला झाडाला झोके बांधणाऱ्या पोरींनी हे ऐकले तर त्या काय म्हणतील?

घरच्या बाईला हसू येईल असा एक नमुना सांगतो. १९९९ साली अमेरिकेत दोन पावांमध्ये सारण भरून, कडा काढून टाकून, कडेने दाबून बंद केलेल्या खाद्याचे पेटंट दिले गेले. वर्णन वाचताना दिवाळीची करंजीच डोळ्यांपुढे येते. ज्या कंपनीकडे हे पेटंट होते तिला त्याच धर्तीची आणखी पेटंटे हवी होती. २००५ साली तिथल्या न्यायालयाने ती नाकारली. कडा दाबून बंद करणे यात नवे ते काय, हा प्रश्न अखेर तिथेही विचारला गेला म्हणायचा.

परक्यांनाच हसायचे असेही नाही. हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा इंग्रजांनी १८५६ साली केला. त्याखाली आलेला पहिला अर्ज कशाचा होता? साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढण्याच्या यंत्राचा! कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाचे गृहस्थ तो अर्ज घेऊन गेले होते. देशात उकाडा मोठा आणि पंखा ओढणारा माणूस पेंगायचा, तेव्हा शोधही तसाच निघाला.

पेटंट म्हणजे नेमके काय?

पेटंट हा शब्द आपण सैलपणे वापरतो. एखाद्याची ठरलेली लकब असली की आपण म्हणतो, ‘हे त्याचे पेटंट आहे.’ कायद्यात मात्र त्याचा अर्थ नेमका आहे. एखाद्याने नवे साधन किंवा नवी पद्धत शोधली, तर त्याने ती सरकारला सविस्तर लिहून द्यायची. त्या बदल्यात सरकार त्याला ठरावीक वर्षांचा हक्क देते. आपल्याकडे ही मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे आहे. तेवढ्या काळात त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याने ती वस्तू करायची वा विकायची नाही. मुदत संपली की ती सर्वांची. हा हक्क ज्या देशाने दिला त्याच देशात चालतो.

हक्क मिळायला तीन कसोट्या आहेत. वस्तू नवी हवी. त्या कामातल्या जाणत्या माणसाला सहज सुचणारी नको. आणि उद्योगधंद्यात उपयोगी पडणारी हवी. चाक पहिल्या कसोटीतच बाद व्हायला हवे होते. ते झाले नाही, कारण तिथे कोणी तपासलेच नाही.

आपल्या देशाचा कायदा १९७० सालचा आहे आणि तो १९७२ पासून लागू झाला. त्याचे तिसरे कलम शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. कशाकशाला पेटंट मिळणार नाही याची यादी त्यात दिली आहे. शेतीची आणि फळबागेची पद्धत, झाडे, बियाणे, वाण यांना पेटंट नाही. परंपरेने चालत आलेल्या ज्ञानालाही पेटंट नाही. म्हणजे जव्हारच्या उतारावर आपण राब भाजतो, रोप उपटून आवणी करतो, बियाण्याला राख चोळून ठेवतो, यांतली कोणतीही पद्धत या देशात कोणाला आपल्या नावावर करून घेता येणार नाही.

इथेच एक सावधगिरीची सूचना. बाजारात पिकावर फवारायच्या बाटल्या येतात. त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘पेटंट’ असे छापलेले असते आणि विकणाराही तेच सांगतो. पण पेटंट म्हणजे सरकारी शिफारस नव्हे. वस्तू नवी आहे एवढेच पेटंट सांगते. ती तुमच्या भातावर लागू पडेल की नाही, याची हमी त्यात नसते. आणि ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असे छापलेले असेल तर तेवढेही ठरलेले नसते, कारण अर्ज कोणीही करू शकतो. कीटकनाशक घेताना पेटंट पाहू नका. केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, तुमच्या पिकाचे नाव, वापराची शेवटची तारीख आणि पक्की पावती पाहा.

हळदीचा खटला

आता हसणे बाजूला ठेवायची वेळ आली. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले. विषय काय, तर जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग! अर्ज करणारे दोघेही भारतीय वंशाचेच होते. विळा लागला की घरात पहिली हाक हळदीच्या डब्याला जाते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

ही बातमी दिल्लीत वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कानी गेली. हे मूळचे गोव्यातल्या माशेलचे. परिषदेने १९९६ साली अमेरिकेच्या पेटंट कचेरीकडे हरकत घेतली आणि फेरतपासणी मागितली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? भारतातल्या कोणत्याही घरातली आजी उभी करायची आणि साक्ष काढायची. पण खरी मेख तिथेच होती. त्या वेळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे परदेशातला तोंडी वापर पुरावा म्हणून धरत नसत. परदेशात ती गोष्ट पूर्वी छापलेली हवी. कोट्यवधी बायका पिढ्यानपिढ्या हळद लावत आल्या, पण त्यांच्या साक्षीला त्या कचेरीत किंमत शून्य!

मग कागदांची शोधाशोध झाली. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतले जुने ग्रंथ आणि नियतकालिके धुंडाळून बत्तीस संदर्भ गोळा केले. त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने होते. भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेखही त्यांत होता. हे सगळे पुढे ठेवल्यावर ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या कचेरीने मान्य केले की यात नवे काही नाही, आणि पेटंट रद्द झाले. आपल्या घरच्या ज्ञानासाठी परदेशी पेटंटाशी भांडून जिंकण्याची ती पहिली मोठी वेळ.

त्यातून धडा घेऊन २००१ साली सरकारने पारंपरिक ज्ञानाचे एक मोठे भांडार तयार करण्याचे काम सुरू केले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतले उपचार त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत उतरवले. परदेशातल्या पेटंट कचेऱ्यांना ते पाहायला मिळते. हळदीसारखा अर्ज पुन्हा आला तर तपासनीसाला तिथल्या तिथे जुना दाखला सापडावा, हा हेतू.

कडुनिंबाची साक्ष

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्राच्या आणखी जवळची आहे. कडुनिंबाच्या तेलापासून पिकावरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट १९९४ साली युरोपात दिले गेले. ते अमेरिकेचे शेतीखाते आणि तिथली एक मोठी कंपनी यांना मिळून मिळाले होते. त्यालाही हरकत घेतली गेली. युरोपच्या कायद्यात छापील कागदाखेरीज प्रत्यक्ष उघड वापराची साक्षही चालते. तिथे पुण्याचे एक कारखानदार साक्षीला उभे राहिले. त्यांनी सांगितले की पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या शेतांवर १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात कडुनिंबाच्या अर्काच्या अशा चाचण्या आम्ही घेतल्या होत्या. कुठे, कधी, कशा, हे त्यांना तारीखवार सांगता आले. २००० साली पेटंट रद्द झाले. पेटंटवाल्यांनी अपील केले. तेही २००५ च्या मार्चमध्ये फेटाळले गेले.

हळद वाचली ती जुन्या कागदामुळे. कडुनिंब वाचवायला स्थळ-काळासह दिलेली साक्ष कामी आली. अमेरिकेचा कायदाही नंतर बदलला. २०१३ पासून तिथे परदेशातला उघड वापर विचारात घेतात. पण वापर होता हे सांगायचे तरी कोठे, केव्हापासून आणि कोणाकडे, हे दाखवावेच लागते.

दादाजींचे धान

परक्यांच्या कचेरीची गोष्ट झाली. आता घरची एक ऐका. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण जेमतेम आणि जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या धानाच्या बांधीत दोन-तीन लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून जपल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या. असे करत वर्षानुवर्षे निवड केली आणि बारीक दाण्याचे, भरघोस उतार देणारे धान तयार झाले. त्या काळी एचएमटी घड्याळ ज्याच्या मनगटावर त्याचा रुबाब मोठा. म्हणून व्यापाऱ्याने धानालाही तेच नाव दिले. आज आपण दुकानात जो एचएमटी तांदूळ मागतो तो हाच.

१९९४ साली त्या धानाचे बी अभ्यासासाठी कृषी विद्यापीठात गेले. तिथे ते शुद्ध करून १९९८ साली विद्यापीठाच्या नावाने वाण बाहेर पडला. मूळ निवड आपली असून नाव आपले नाही, ही खंत दादाजींना होती. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला. मान मिळाला, पण ज्या धानाने कितीएकांची घरे भरली त्याने दादाजींची गरिबी हटली नाही. जून २०१८ मध्ये ते वारले.

दादाजींनी शोध लावला तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करणारा कायदाच देशात नव्हता. आज तो आहे. म्हणूनच आपण आज गप्प बसलो तर पुढे दोष कोणाला देणार?

आता आपल्या डोंगराकडे पाहू

जव्हार-मोखाड्याचा मुलूख सपाट नाही. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, पण डोंगरउतारावरून धावत खाली जातो. शेजारी वैतरणेचे पाणी अडवून मुंबईला नेले, आणि इथल्या पाड्यांवरच्या बायका मात्र चैत्र-वैशाखात हंडा घेऊन मैलभर चालतात. अशा जमिनीत पीक घ्यायचे तर एक बियाणे पुरत नाही. पाणी न थांबणाऱ्या उंच माळाला हळवे भात, मधल्या जमिनीला निमगरवे, पाणी धरणाऱ्या खालच्या खाचराला गरवे. त्याच्याही वर वरकस उतारावर नागली आणि वरई, सोबत उडीद, खुरासणी. भातात कोलम, कसबई. नागलीत शितोळी, पितरबेंद्री. अशी किती नावे सांगावीत! कोणते लवकर निसवते, कोणते वाऱ्याने लोळत नाही, कोणत्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, कोणत्याची पेज बाळंतिणीला द्यायची, हे सारे घरच्या बाईला तोंडपाठ असते.

हे काही केवळ जुने म्हणून कौतुक नाही. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या सडीक तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास असते. नागली नीट वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षे किडत नाही. बियाण्याला राख लावतात त्यालाही शास्त्र आहे. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात. मग किड्याच्या अंगातले पाणी उडून जाते आणि तो मरतो. चुलीवर टांगलेल्या कणसांचे बी धुरामुळे आणि कोरडेपणामुळे टिकते. सुधारित देशांनी ज्या शोधांवर कागद घेतले त्यांतल्या काहींपेक्षा हा शोध कितीतरी मोलाचा आहे. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटे महाग भावाने विकली गेली. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते असे.

पण मंडळी, यातले लिहिलेले किती आहे? सरकारी भांडारात गेले ते मुख्यतः ग्रंथांतले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांच्या घरचे ज्ञान कोणत्या ग्रंथात आहे? ते आजीच्या तोंडी आहे. आजी गेली की तेही गेले. तेव्हा चोर यायच्या आधीच आपले घर रिकामे होते, ही खरी भीती आहे. एखाद्या वर्षी बाजारातले संकरित बी आणले, पुढच्या वर्षीही तेच आणले, आणि तिसऱ्या वर्षी कणगीतले जुने बी उगवेनासे झाले, असे कितीतरी घरांत घडले आहे. वाणाला नवा मालक मिळण्याआधीच तो वाण संपतो.

कायद्याने काय दिले आहे

२००१ साली केंद्र सरकारने वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा केला. त्यात शेतकऱ्याला मोठा हक्क आहे. आपल्या शेतातले बियाणे राखणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्याशी बदलणे, वाटणे आणि विकणेही त्याला मोकळे आहे. तो वाण कोणा कंपनीच्या नावे नोंदलेला असला तरीही! अट एकच. पिशवीवर नाव छापून, नाममुद्रेचे बियाणे म्हणून ते विकायचे नाही.

हा हक्क माहीत असणे किती गरजेचे आहे ते २०१९ साली दिसले. गुजरातेत एका बड्या कंपनीने आपल्या नोंदलेल्या वाणाचा बटाटा लावला म्हणून काही शेतकऱ्यांवर खटले भरले. त्यांतल्या चौघांकडे प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांची भरपाई मागितली. देशभर ओरड झाली, शेतकऱ्यांच्या बाजूने याच कायद्याकडे बोट दाखवले गेले, आणि कंपनीने त्याच वर्षी खटले मागे घेतले.

याच कायद्याखाली शेतकऱ्याला किंवा गावाला आपल्या जुन्या वाणाची नोंद करून घेता येते. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी फी नाही. वाण इतरांहून वेगळा हवा, एकसारखा हवा आणि पुढच्या पिढीत तसाच उतरणारा हवा. जुने वाण जपणाऱ्या गावांना दहा लाख रुपयांपर्यंतचा आणि एकेकट्या शेतकऱ्यांना दीड लाख व एक लाख रुपयांचे पुरस्कारही ठेवले आहेत.

दुसरा हक्क आहे भौगोलिक मानांकनाचा. पेटंट नव्या वस्तूला, एकाच्या नावावर, मुदतीपुरते. मानांकन जुन्या वस्तूला, गावाच्या वा मुलखाच्या नावावर, आणि दर दहा वर्षांनी वाढवता येणारे. लग्नाच्या चौकात तांदळाच्या पिठाने जी वारली चित्रे काढतात त्यांना २०१४ साली हे मानांकन मिळाले. घोलवडच्या चिकूला ते २०१६ साली मिळाले. शेजारच्या वाड्याच्या कोलम तांदळाला २०२१ साली मिळाले. आपल्या नागली-वरईनेच काय पाप केले आहे?

तिसरा कायदा २००२ सालचा, जैवविविधतेचा. त्याप्रमाणे ग्रामपंचायतीत एक व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातली पिके, वाण, झाडे, कंद, रानभाज्या, औषधी आणि त्यांचे उपयोग त्यात लिहायचे. इथल्या वनस्पतींवर आधारलेल्या शोधावर कोणाला हक्क हवा असेल तर तो मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावे लागते. आपल्या ग्रामपंचायतीत ही वही आहे का, आणि तिच्यात नुसती झाडांची नावे आहेत की आपल्या घरचे ज्ञानही आहे, हे एकदा जाऊन पाहा. पाहायला मागणे हा आपला हक्क आहे.

लिहावे की लपवावे?

इथे एखादा जाणता भगत किंवा वैदू म्हणेल, “लिहिले म्हणजे चोराला वाट दाखवली!” हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. जे सगळ्या पाड्याला ठाऊक आहे, बियाण्याची नावे, पेरण्याची रीत, साठवण, ते लिहून ठेवण्यात फायदाच आहे. ते जुने असल्याचा पुरावा तयार होतो आणि दुसऱ्या कोणाला ते नवे म्हणून आपल्या नावावर करता येत नाही. पण एखाद्याच घराण्यात राखलेला औषधाचा तोडगा असेल, तर तो आलेल्यागेलेल्याला सांगण्याआधी विचार करावा. बाहेरून कोणी गोड बोलून नमुने मागू लागला तर त्याचे नाव, संस्था आणि काम विचारावे. लिहून घ्यावे. ग्रामसभेत सांगावे. सगळ्यांकडेच चोर म्हणून पाहू नये. प्रामाणिक अभ्यासक स्वतःच कागद पुढे करतो.

घाटापलीकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने गावठी बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० सालच्या पद्मश्रीसाठी त्यांची निवड झाली. आपल्या जव्हारकडेही बाएफ संस्थेने शेतकऱ्यांना सोबत घेऊन भात, नागली, वरईचे स्थानिक वाण जपण्याचे काम केले आहे. वाट मळलेली आहे. आपण तिच्यावर चालायचे.

काय करावे? घरातल्या पोराची अर्धी कोरी वही घ्यावी. प्रत्येक वाणाला एक पान द्यावे. वाणाचे नाव, पेरणीपासून कापणीपर्यंतचे दिवस, ताटाची उंची, लोंबीचा आणि दाण्याचा रंग, कोणत्या जमिनीला चालतो, रोगाला कसा, चवीला कसा, आणि बी कोणाकडून आले, हे लिहावे. कापणीआधी शेताच्या मधल्या भागातल्या निरोगी, भरलेल्या, सारख्या लोंब्या बियाण्यासाठी वेगळ्या काढाव्यात. थोडे बी दरवर्षी पेरावे. थोडे शेजारच्या पाड्यावर द्यावे, म्हणजे एका घरचे गेले तरी दुसऱ्याकडे राहील. मग वही घेऊन तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा डहाणूजवळच्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे आणि नोंदणीचे विचारावे.

पुढल्या संध्याकाळी मी पुन्हा त्या ओट्यावर गेलो. आजीच्या प्रश्नाचे उत्तर तिला सांगितले, “तुमच्या नागलीचा कागद अजून कोणाकडेच नाही. तो तुम्हालाच करावा लागेल.” आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग आत जाऊन तिने कणगीशेजारचे एक मडके आणले. नातवाने वही उघडली.

“नाव सांग,” तो म्हणाला. तिने सांगितले.

“किती दिवसांची?” तिने बोटांवर मोजून सांगितले.

“बी कोणाकडून आले?”

“सासूकडून. तिला तिच्या आईकडून.”

तो लिहीत होता. आजी सूप बाजूला सारून पुढे सरकली आणि वहीत डोकावली. तिला वाचता येत नव्हते. “नीट लिही रे,” ती म्हणाली, “अजून चार मडकी आत आहेत.”